चंद्रीचं विमान

बातमीदाराच्या नोकरीत एक सोय असते. दिवसभर जे ऐकलं-पाहिलं ते संध्याकाळी लिहून मोकळं होता येतं. पण त्यातलं जे खरोखर सांगण्यासारखं असतं, नेमकं तेच डेस्कवरचा माणूस "यात बातमी काय आहे?" असं विचारून कापतो. कापलेलं जाणार कुठं? ते आमच्या डोक्यात साचत राहतं. माझ्या डोक्यात सध्या इतकी विमानं साचली आहेत की चार मित्र भेटले, चहा सांगितला, की एक तरी धावपट्टीवर येतंच!

सुरुवात आमच्या संपादकांनी केली. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "उद्यमनगरात एका फौंड्रीच्या ऑफिसात दर रविवारी गेमचा अड्डा भरतो म्हणे. गेमच्या नादानं बिघडलेली पिढी! सणसणीत लिहा."

सणसणीत लिहा म्हटलं की मला चेव येतो. रविवारी सकाळी मी थेट जाऊन दार ढकललं. आत मोबाइलवाली पोरं असतील, मला बघून पळतील, अशी माझी अपेक्षा होती. आत होते फौंड्रीचे मालक संपतराव, डोक्यावर एक काळा केस औषधाला नाही. त्यांच्याशेजारी शिरोळकडचे ऊसबागायतदार बाळासाहेब, मांडीवर टोपी. आणि खुर्ची ओढून बसलेल्या दातांच्या डॉक्टर मंजिरी, कोल्हापुरात स्वतःचा दवाखाना असलेल्या. तिघंही श्वास रोखून एका स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर एक विमान पाण्यावरून धडपडत चाललं होतं.

"पिढी कुठं आहे?" मी दरडावून विचारलं.

"कसली पिढी?"

"बिघडलेली!"

संपतरावांनी मानही वळवली नाही. म्हणाले, "हीच की! बसा."

बसलो. गेम समजून घेतला. यात कुणाला गोळ्या घालायच्या नसतात. पत्रा, खांब, पंख, इंजिन, चाकं असे सुटे भाग मिळतात. ते जोडून आपलं विमान आपण बांधायचं. भोवती नद्या, रस्ते, गावंही हवी तशी मांडता येतात. वजन, वारा, पाणी सगळं खऱ्यासारखं. त्यामुळे बांधलेलं विमान एकतर उडतं, नाहीतर आपटतं. मग ते गेमवाल्यांच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवायचं. जगात कुठंही बसलेला माणूस ते डाउनलोड करतो, उडवून बघतो आणि खाली आपला शेरा मारतो.

मी बातमी लिहिली, प्रामाणिकपणे लिहिली. छापून आली तेव्हा शेजारी मोबाइलमध्ये डोकं खुपसलेल्या शाळकरी पोरांचा फोटो! मी डेस्कवर जाऊन टेबल बडवलं. "अहो, त्यातल्या सगळ्यात धाकट्या माणसानं चाळिशी कधीच ओलांडलीय!"

डेस्कवाला थंडपणे म्हणाला, "त्यांचा फोटो लावला असता तर पालकांनी काळजी कुणाची करायची?"

ती मंडळी जाब विचारायला ऑफिसात येण्याआधी आपणच जावं म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. संपतरावांनी कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. त्या शाळकरी पोरांपैकी एकाच्या डोक्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "पत्रकार, माझा फोटू लय तरुणपणचा छापलासा!"

तेव्हापासून मीही बिघडलो.

* * *

पहिल्या दिवशी जे विमान धडपडत होतं ते बाळासाहेबांचं. त्याच्या पोटाखाली होडीसारखा तळ होता, म्हणजे पाण्यावरून उठायचं आणि पाण्यावरच उतरायचं. आणि मागच्या बाजूला, कठडा लावलेल्या जागेत, काहीतरी काळं उभं होतं. त्याला शिंगं होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"म्हस," बाळासाहेब म्हणाले.

मी हसलो. कुणी हसलं नाही. डॉक्टर मंजिरींनी मला डोळ्यांनी दटावलं.

ती नुसती म्हैस नव्हती, चंद्री होती. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान फाटलेला, शिंगं मागं वळलेली. मोठ्या महापुरात बाळासाहेबांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा माणसं न्यायला होडी आली. जनावरं घ्यायची सोय होडीत नव्हती, असणार कशी? बाळासाहेबांनी छातीभर पाण्यात गोठ्यात जाऊन तिचं दावं सोडलं. पोहत निघेल कुठंतरी, या आशेवर. ती उसाच्या बाजूला पोहत गेलेली त्यांनी पाहिली. त्यानंतर नाही. पाणी उतरल्यावर त्यांनी पंचक्रोशी पालथी घातली. मिळाली नाही.

घरी त्यांच्या मंडळींनी, सुनंदावहिनींनी, त्यानंतर गोठ्यात काही बांधू दिलं नाही. दुसरी म्हैस घेऊ म्हटलं तर उठून आत जायच्या. चंद्रीचं नाव घरात निघत नव्हतं. बाळासाहेब दर रविवारी कोल्हापूरला येतात ते "पंपाच्या कामाला" अशी वहिनींची समजूत होती. एवढे रविवार चाललेलं पंपाचं काम! पण त्यांनी कधी खोदून विचारलं नाही.

बाळासाहेबांना एकच करायचं होतं. पुराच्या पाण्यावर उतरेल, चंद्रीला घेईल आणि उठेल असं विमान बांधायचं होतं. चंद्रीशिवाय ते फर्स्ट क्लास उडायचं. चंद्री चढली की उठायचं नाही.

एकदा मी भीत भीत सुचवलं, "बाळासाहेब, वजन थोडं कमी लावून बघा की. गेमच आहे."

ते म्हणाले, "पत्रकार, तिला काय उपाशी ठेवली हुती काय मी?"

* * *

आता संपतरावांविषयी. त्यांचा जन्म बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामात गेला. पातळ वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. गेममध्ये विमानासाठी हलका पत्रा मिळतो, फळी मिळते, कापडसुद्धा मिळतं. संपतरावांनी पहिलं विमान बांधलं ते सबंध लोखंडाचं! पंख, शेपूट, पायलटची खुर्ची, सगळं. धावपट्टीवर ठेवलं तर चाकं फाकली आणि विमान पोटावर बसलं.

डॉक्टर म्हणाल्या, "संपतराव, जड झालंय."

"जड न्हाय मॅडम. धावपट्टी कच्ची हाय!"

तरीही त्यांनी ते साइटवर ठेवलंच. खाली माहिती इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडं होतं. तोपर्यंत आमच्या कंपूत तेच माझं खातं ठरलं होतं. मी लिहिलं, "मजबूत बांधणीचं विमान." खोटं एक अक्षर नाही.

आणि काय सांगावं, डाउनलोड सुरू झाले! डॉक्टरांच्या देखण्या विमानांपेक्षा जास्त. संपतराव ज्याला त्याला मोबाइल दाखवत सुटले. शेवटी डॉक्टरांना राहवेना. त्यांनी खालचे शेरे उघडून वाचले. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं: "फार सुंदर पूल. मी माझ्या नदीवर टाकलाय. रोज गाड्या जातात." त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं: "माझ्याकडंही हाच पूल आहे."

संपतरावांचा चेहरा पडला. मला तर संताप आला, मी उत्तर लिहायला बाह्या सरसावल्या. एवढ्यात संपतराव म्हणाले, "थांबा पत्रकार. त्येला इचारा, पूल हालतोय काय?"

विचारलं. उत्तर आलं, "अजिबात नाही."

"मग झालं तर!" संपतराव खुर्चीत मागं रेलले. "ही असली गोष्ट इमानाला जमंल व्हय?"

* * *

डॉक्टर मंजिरींची विमानं म्हणजे दागिने. जिथं कुणी बघणार नाही अशा आतल्या बाजूलाही त्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. मी एकदा विचारलं, "पंखाच्या आत कोण बघणार?" तर म्हणाल्या, "दाढेच्या आत तरी कोण बघतं? पण किडते तिथूनच."

त्यांचं एक निळं टपालविमान साइटवर गाजत होतं. एके रविवारी बघतो तर तेच विमान, लाल रंगात, दुसऱ्याच कुणाच्या नावावर! वर कौतुकाचा पाऊस आणि हा गडी सगळ्यांना "धन्यवाद, फार कष्ट घेतले" म्हणतोय!

माझं डोकं फिरलं. दुसऱ्याची बातमी आपल्या नावानं छापणारे मी आयुष्यभर बघितलेत, एकालाही सोडलेलं नाही. मी साइटच्या देखरेख करणाऱ्यांना भलंमोठं पत्र खरडलं. त्यांचं उत्तर: "दोन्ही विमानं सारखी आहेत हे खरं. पण मूळ कुणाचं, हे कसं ठरवायचं?"

"म्हणजे काय!" मी ओरडलो. "पंचनामा करा म्हणावं!"

डॉक्टरांनी शांतपणे पर्स बंद केली आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, शेपटाजवळची फळी काढा आणि आत बघा."

मी तसं लिहिलं. त्यांनी फळी काढली. आत एक दाढ होती! चांगली दोन मुळांची, पांढरीशुभ्र, छोट्या छोट्या तुकड्यांतून कोरलेली. डॉक्टरांच्या प्रत्येक विमानात ती असते. आम्हालासुद्धा पत्ता नव्हता.

देखरेखवाल्यांनी त्या चोराला विचारलं, हे काय आहे? बिचाऱ्यानं खरं सांगून टाकलं. "माहीत नाही. मी ते काढून टाकलं होतं, पण विमान वाकडं जायला लागलं. म्हणून परत बसवलं."

लाल विमान साइटवरून उतरलं. डॉक्टरांनी त्या माणसासाठी मला एकच ओळ लिहायला सांगितली: "दाढ काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं."

* * *

या सगळ्या काळात बाळासाहेबांचं विमान काही उठत नव्हतं. इंजिनं वाढवली. पंख लांब केले. संपतरावांनी प्रेमापोटी एकदा तळाला लोखंड लावून दिलं, तेव्हा विमान सरळ खाली गेलं आणि चंद्रीची शिंगंच तेवढी पाण्यावर राहिली. बाळासाहेब उठून बाहेर जाऊन उभे राहिले. संपतरावांनी लोखंड स्वतःच्या हातानं काढलं.

मग मी सुचवलं, अर्धवट का असेना, साइटवर ठेवू. जगभरचे लोक आहेत, कुणीतरी उपाय सांगेल. ठेवलं. "पुरातून जनावर वाचवण्यासाठी विमान. मदत हवी." दुसऱ्या दिवशी बघतो तर देखरेखवाल्यांनी ते "मालवाहू" विभागातून काढून "विनोदी" विभागात टाकलेलं! शेजारी कोण? उडणारा कमोड आणि पंख लावलेलं केळं!

खाली शेरे तसलेच. "हाहाहा, गाय!" अरे, गाय? डोळे आहेत की बटणं? एका शहाण्यानं लिहिलं, "जनावराऐवजी तेवढ्याच वजनाचं खोकं ठेवा, शिंगांना वारा अडतो."

बाळासाहेबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "पुरात खोकं कोण वाचवतंय?"

मी तेवढंच वाक्य इंग्रजीत करून त्या शहाण्याच्या तोंडावर फेकलं. मग देखरेखवाल्यांकडं वळलो. महापूर म्हणजे काय, गोठा म्हणजे काय, घरच्या म्हशीला नाव का असतं, आणि ज्याला हे माहीत नाही त्यानं विनोदी काय हे ठरवू नये, असं सगळं लिहिलं. कॉलेजात इंग्रजी घेतल्याचं त्या दिवशी चीज झालं! डॉक्टरांनी वाचून दोन विशेषणं काढायला लावली. एक मी काढलं.

मला वाटलं, आता जुंपणार. पण उत्तर आलं ते असं: "क्षमस्व. आम्हाला माहीत नव्हतं. पण नियम असा आहे की मालवाहू विभागातलं विमान माल घेऊन उडालं पाहिजे. उडवून दाखवा, चित्रीकरण पाठवा. त्याच दिवशी हलवू."

सभ्य माणसाशी भांडण करायला मला कुणी शिकवलेलं नाही. पंचाईत झाली.

बाळासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. टोपी झटकली. "त्येंचं बरुबर हाय. उडाल्याबिगार कसं म्हणायचं? पर ती केळ्याशेजारी हाय व्हय सध्या?"

"हो."

"किती दिस?"



* * *

मध्येच एक विमानतळाचा किस्सा. संपतरावांचा भाचा विमानानं मुंबईला निघाला, त्याला सोडायला आम्ही सगळे उजळाईवाडीला गेलो. म्हणजे भाच्याचं निमित्त. बघायचं होतं विमान!

कुंपणाच्या जाळीला तोंड लावून तिघंही उभे. विमान धावपट्टीवर आलं. आजूबाजूला सोडायला आलेली माणसं हात हलवतायत, डोळे पुसतायत. आणि संपतराव त्यांच्या खणखणीत आवाजात सुरू झाले: "पंख बघ की कसला पातळ! माझ्या हातात असता तर ह्येच्या दुप्पट जाड केला असता!"

शेजारच्या एक बाई दचकल्या. त्यांचा मुलगा आत बसलेला. "का हो? काही गडबड आहे का?"

"गडबड न्हाय बाई," संपतरावांनी धीर दिला. "माझं इमान ह्येच्यापेक्षा लय मजबूत हुतं, एवढंच सांगालोय."

"तुमचं विमान आहे?" बाईंनी आदरानं विचारलं. "कुठं जातं?"

संपतराव काही बोलायच्या आत बाळासाहेब म्हणाले, "कुठं जात न्हाय. त्येच्यावरनं लोक जात्यात."

* * *

उपाय सापडला तो डॉक्टरांच्या दवाखान्यात, आणि एका पेशंटमुळे.

कवळीचं माप घ्यायचं असलं की तोंडात लगदा भरलेला साचा बसवतात आणि तो घट्ट होईपर्यंत पेशंटला तसंच बसावं लागतं. तेवढ्या वेळात डॉक्टर बाजूच्या कॉम्प्युटरवर बाळासाहेबांचं विमान पाण्यावरून पळवून बघत होत्या. खुर्चीत गडहिंग्लजचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचं तोंड बंद, पण डोळे स्क्रीनवर!

एकाएकी मास्तर हातवारे करायला लागले. "ऊं! ऊं!"

"नाकानं श्वास घ्या काका," डॉक्टर म्हणाल्या, "होतंच आलंय."

मास्तरांनी खुर्चीचा हात बडवला. डॉक्टरांना वाटलं, ओकारी येतेय. नर्सनं धावत जाऊन भांडं आणलं. मास्तरांनी भांडं बाजूला ढकललं. पुन्हा "ऊं!"

शेवटी साचा निघाला. मास्तरांनी तोंडही पुसलं नाही. "अहो मघापासून ओरडतोय! शेपूट बुडतंय तुमचं! म्हैस मागं उभी केलीय. पुढं घ्या तिला!"

आम्ही सगळे आजवर इंजिनाकडं बघत बसलो होतो. चंद्रीला कठड्यात उभं केल्यापासून तिची जागा कुणी हलवलीच नव्हती!

रविवारी डॉक्टरांनी ते मांडलं. म्हैस पंखांच्या पुढं, नाकापाशी. मग पायलटची खुर्ची कुठं? ती मागं, म्हशीच्या पाठीमागं. त्याशिवाय वजन जमत नाही.

बाळासाहेब भडकले. "मॅडम, म्हशीच्या पाठीमागं बसून इमान चालवू? जग काय म्हणंल? आधीच केळ्याशेजारी बसवलंय!"

डॉक्टरांनी आकृती काढून समजावलं. मी दोन भाषांत समजावलं. बाळासाहेब हटेनात. पायलट पुढंच असतो, म्हणजे असतो!

शेवटी संपतराव म्हणाले, "बाळ्या, बैलगाडी हाकताना कुठं बसतोस रं?"

"कासऱ्यापाशी. बैलाच्या मागं."

"आजपातूर कुणी हसलं?"

बाळासाहेबांनी माउस पुढं ओढला आणि आपली खुर्ची उचलून मागं ठेवली.

* * *

आता शेवटचा किस्सा.

पुढच्या रविवारी कोल्हापुरात बाळासाहेबांच्या नात्यातलं लग्न होतं. सुनंदावहिनीही आल्या होत्या. लग्न उरकलं, जेवणं झाली, आणि परत जाताना गाडी उद्यमनगरात वळली. वहिनींना काय सांगायचं हे न ठरवताच बाळासाहेब त्यांना घेऊन दारात उभे राहिले.

"या वहिनी," संपतराव गडबडीनं खुर्ची पुसत म्हणाले. "पंपाचं... पंप बघायला आलासा व्हय?"

वहिनींनी ऑफिसभर नजर फिरवली. पंप कुठंच नव्हता. त्या बसल्या. डॉक्टरांनी चहा दिला. चहा हातात धरून त्या भिंतीवरचं कात्रण वाचायला लागल्या.

आमची अडचण अशी की त्या दिवशी चित्रीकरण करायचं ठरलं होतं. नवी मांडणी तयार होती, एकदाही उडवून पाहिलेली नव्हती. पहिला मान बाळासाहेबांचा म्हणून ठेवलेली. डॉक्टर माझ्या कानात म्हणाल्या, "आज नको. नाही उडालं तर? वहिनींच्या समोर?" मला पटलं. मी बाळासाहेबांना खूण केली, राहू द्या.

बाळासाहेबांनी खूण बघितली. बायकोकडं बघितलं. आणि खुर्ची ओढून बसले.

स्क्रीनवर पाणी आलं. सगळीकडं लालसर, गढूळ पाणी. बाळासाहेबांनी त्यात आपलं गावसुद्धा बांधलं होतं, हे आम्ही कितीदा पाहिलेलं. देवळाचा कळस, कडुलिंबाचा शेंडा, पाण्याची टाकी, आणि गोठ्याचं पत्र्याचं छप्पर. वहिनींच्या हातातला कप बशीवर टेकला. त्यांनी ते गाव ओळखलं होतं.

मग विमान आलं. नाकापाशी चंद्री उभी. कपाळावर पांढरा ठिपका. फाटका कान.

वहिनी उठल्या. संपतरावांना वाटलं, चालल्या बाहेर. ते दार अडवायच्या बेतानं पुढं झाले. पण वहिनी दाराकडं गेल्या नाहीत. बाळासाहेबांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून.

मी चित्रीकरण सुरू केलं. बाळासाहेबांनी इंजिनं चालू केली. विमान गोठ्यापासून निघालं. नेहमी ज्या ठिकाणी शेपूट बुडायचं, तिथं बुडालं नाही. पाणी दोन्ही बाजूंना उडायला लागलं.

"घे," संपतराव पुटपुटले. "घे, घे, घे..."

कडुलिंब जवळ आला. डॉक्टरांनी माझा दंड इतका आवळला की त्या दिवसापासून मला त्यांच्या पेशंटांची दया येते. विमानानं एकदा पाणी सोडलं, पुन्हा टेकलं, पुन्हा सोडलं. आणि कडुलिंबाच्या शेंड्याला घासून वर गेलं!

संपतरावांनी आरोळी ठोकली. बाहेर रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून आत डोकावला. "काय झालं?"

"म्हस उडाली!" संपतरावांनी त्याला मिठीच मारली. तोही बिचारा कोल्हापूरचाच. "झकास!" म्हणाला आणि गेला.

हे चित्रीकरण आम्ही पाठवलं, चंद्री केळ्याशेजारून उठून मालवाहू विभागात गेली, खाली शेरेही बदलले, हे सगळं नंतरचं. त्या क्षणी त्यातलं काही कुणाच्या डोक्यात नव्हतं. विमान वर चाललं होतं. खाली पाणी, कळस, टाकी, ऊस, सगळं बारीक होत गेलं. बाळासाहेबांनी एक मोठा वळसा घेतला. मग दुसरा. चंद्रीची शिंगं वाऱ्यात ताठ. उतरवायचं नावच घेईनात. आम्हीही कुणी म्हटलं नाही. ऑफिसच्या खिडकीबाहेर ऊन उतरत आलं होतं आणि आम्ही चौघं त्या स्क्रीनकडं बघत उभे होतो.

बोलल्या त्या वहिनी. पदर तोंडावरून काढला, बाळासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रोजच्याच, थोड्या वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या:

"अवो, किती येळ फिरवणार हायसा तिला? धारंची येळ झाली. आणा खाली."

"व्हय, आणतो," बाळासाहेब म्हणाले, आणि त्यांनी विमान वळवलं.